अनुभवाच्या आधारे सूट

३ जुलै २०२३, सोमवार
आजपासून रोजनिशी. आयुष्याला वळण लागतंय, तेव्हा नोंद राहिलेली बरी. ऑफिसात नवा नियम आला. सहायक नियोजन अधिकारी व्हायचं असेल तर लोकप्रशासन आणि नगर नियोजनाची मास्टर डिग्री हवी. पद दोन वर्षांनी रिकामं होणार. नियोजन शाखेचा हेडक्लार्क मी. माझ्या टेबलावर आल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. पुष्कळदा आल्यावरही जात नाही. म्हणजे पद माझंच. डिग्री नुसती फॉर्मॅलिटी.

जेवताना जाहीर केलं. नीलिमा म्हणाली, आता या वयात काहून डोक्याले ताप करून घेता? तिला लांबचं दिसत नाही. आमची मुलगी साक्षी यंदा याच कोर्सला चालली आहे. तिचा घास हातातच राहिला. आनंदाने असावा.

१७ जुलै
संध्याकाळचे वर्ग सुरू. पहिल्याच दिवशी सांख्यिकी. सरांनी फळ्यावर कसलीतरी ग्रीक अक्षरं काढली. मी वही उघडली, पेन चालतं का पाहिलं. चाललं. वही मिटली. घाम फुटला. पंखा चालू होता, तरी फुटला. उन्हाळा या वर्षी लांबलेला दिसतो.

साक्षी तीन बाक पुढे बसली. अनोळखी असल्यासारखी वागली. वडिलांच्या नावावर मोठं व्हायचं नाही, असा तिचा बाणा असावा.

२० जुलै
सापडलं! विभागाची माहितीपुस्तिका ऑफिसच्या वेळेत सावकाश वाचली. आत बारीक अक्षरात लिहिलंय की अनुभवी उमेदवारांना ठराविक विषयांतून सूट देता येईल. बाकीची पोरं हे पान उलटून पुढे गेली असतील. मी अठ्ठावीस वर्षं बारीक अक्षरातच काढली आहेत. कोणाला कशातून सूट द्यायची, याचं फाइलवरचं नोटिंग या शहरात माझ्यासारखं कोणी लिहीत नाही.

संकल्प: ज्यातून सूट मिळते त्याचा अभ्यास करून वेळ वाया घालवायचा नाही.

८ ऑगस्ट
इंटर्नशिपमधून सूट मंजूर! विभागप्रमुख क्षमा मॅडम स्वतः म्हणाल्या की आपको तो सरकारी काम का अनुभव है ही. पुढे त्या क्रेडिटबद्दल काहीतरी सांगत होत्या, पण तोवर मी उठून आभार मानले होते. घरी पेढे नेले. दोन वर्षांच्या कोर्समधला एक विषय पहिल्याच महिन्यात निकालात काढला.

साक्षीने पेढा घेतला आणि म्हणाली, पापा, वेवर मतलब सिर्फ छूट, पास होना नहीं होता. या हिंदी मुलखात वाढली, मराठी घरात जन्मून मराठीत बोलत नाही, तिथे नियम काय समजणार.

२१ सप्टेंबर
सांख्यिकीतून सूट. सात पानी अर्ज होता. शाखेची सगळी आकडेवारी वर्षानुवर्षं माझ्या सहीने जाते, हे लिहिलं. मूलभूत सांख्यिकी शिकवणं हा माझ्या ज्ञानाचा अवमान ठरेल, हेही लिहिलं. वाक्य लिहून झाल्यावर स्वतःलाच आवडलं, म्हणून खाली पुन्हा एकदा लिहिलं.

अर्ज मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा पायऱ्यांवर दोन मिनिटं बसलो. फार हलकं वाटलं. अवमान टळल्यामुळे.

१६ जानेवारी २०२४
प्रशासन सिद्धांतातून सूट. मॅडमना म्हटलं, सिद्धांत कशाला, प्रशासन समोर बसलंय. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग सही केली.

सकाळी विहारात जयंती समितीची बैठक होती. तिथे अध्यक्षांनी माझ्या डिग्रीचा उल्लेख केला. मी संकोचाने सांगितलं की जवळजवळ झालीच आहे. टाळ्या पडल्या. शेवंताकाकू म्हणाल्या, गौतम, तू तं आमचं नाव काढलं रे बाप्पा. डोळ्यांत पाणी आलं. डिग्री मिळायलाच हवी, असं आज पहिल्यांदा मनापासून वाटलं.

२२ मार्च
ऑफिसातला यशदीप हाच कोर्स पत्राद्वारे करतोय म्हणे. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी धाकटा. डबा खातानाही पुस्तक उघडं. दया आली. म्हटलं, बाबू, एकेक विषय वाचत बसलास तर म्हातारा होशील. तो म्हणाला, हव सर, पन मले सूट मागाले लाज वाटते. असल्या भिडस्त पोरांचं प्रशासनात काही होत नाही.

९ मे
बाहेर आगीसारखं ऊन. साक्षीची इंटर्नशिप उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत लागली आहे. कारखान्यांबाहेर ट्रक कुठे उभे राहतात, याचा सर्व्हे. संध्याकाळी परत येते तेव्हा केस धुळीने पांढरे. अनुभव नसला की असं उन्हात फिरावं लागतं. मी कूलरपुढे बसून तिला दोन-चार सूचना केल्या. ती आंघोळीला निघून गेली.

नीलिमा म्हणाली, तुमी कवा अभ्यास करता, मले तं दिसून नाही राहिलं. सांगितलं की वरच्या पातळीवरचा अभ्यास दिसत नाही.

५ सप्टेंबर
नगर नियोजन स्टुडिओतूनही सूट! शहराचे सगळे नकाशे माझ्याच कपाटात असतात, या मुद्द्यावर. नकाशा उलगडून पाहिला का, हे कोणी विचारलं नाही.

बाकी विषयांतूनही याच धर्तीवर सूट मिळाली; एकच विषय मात्र शिकावा लागला, घनकचरा व्यवस्थापन. त्यातून सूट मागणार होतो, पण अभनपूरच्या कचरा प्रकल्पाला सहल होती आणि जेवण विभागाकडून होतं. गेलो. भाजी चांगली होती.

२ डिसेंबर
घनकचऱ्यात पास. सेकंड क्लास. सदर बाजारात दारावरच्या पाटीची ऑर्डर दिली. पितळेची. नावाखाली डिग्री, त्याखाली पदनाम. दुकानदार म्हणाला, भैया, पहले प्रमोशन की ऑर्डर आ जाने दो, फिर बनवा लेना. व्यापाऱ्यांना दूरदृष्टी नसते. ॲडव्हान्स दिला.

१६ जून २०२५, सोमवार
साक्षीचा निकाल. फर्स्ट क्लास. मीही विभागात गेलो, डिग्री कधी मिळणार ते विचारायला.

क्षमा मॅडमनी खुर्ची दिली. पाणी मागवलं. मग सांगितलं की सूट मिळाली म्हणजे तो विषय करायची गरज नाही, एवढंच. त्याचे क्रेडिट मिळत नाहीत. डिग्रीला चौसष्ट लागतात. माझे चार आहेत.

विचारलं, कशाचे चार? कचऱ्याचे, असं त्या म्हणाल्या.

हे आधी सांगायला हवं होतं, असं म्हटलं. म्हणाल्या, हर बार बताया, आप हर बार धन्यवाद देकर उठ जाते थे.

१७ जून
काल लिहिलं ते एका दृष्टीने गैरसमजाचं होतं. सूट मिळते तशी ती रद्दही करून घेता येते. आज नवा अर्ज दिला: सर्व सवलती रद्द करून मला पहिल्या वर्षाच्या वर्गात बसू द्यावं. पाच पानं. भाषा ओघवती.

२७ जून
अर्ज नामंजूर. विभागाच्या समितीचं म्हणणं, एवढ्या ज्ञानी माणसाला मूलभूत विषयाला बसवणं त्याचा अवमान ठरेल. वाक्य ओळखीचं वाटलं. सूट मिळालेल्याने त्याऐवजी वरच्या पातळीचा विषय घ्यावा, असा नियम आहे. माझ्या वाट्याला प्रगत सांख्यिकी आणि प्रगत स्टुडिओ. मॅडम म्हणाल्या की तुमचा मूळ अर्ज इतका पक्का होता की समितीला त्यात एकही फट सापडली नाही.

थोडा अभिमान वाटला. मग प्रगत सांख्यिकीचं पुस्तक किती जाड असतं, ते पाहून आलो.

३० जून
उपाय सापडला. विभागाचा नादच सोडला. ऑफिसलाच अर्ज दिला: पदोन्नतीसाठी डिग्रीच्या अटीतूनच अनुभवाच्या आधारे सूट मिळावी. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम नोटिंग.

८ जुलै
मोठ्या साहेबांच्या पीएने, देवीदासने, दुपारी निरोप दिला. म्हणाला, खोब्रागडे साहेब, सोमवारच्या मुलाखतीले तुमाले यायची गरज नाही.

म्हणजे अटीतून सूट तर मिळालीच, मुलाखतीतूनही मिळाली! असं आमच्या ऑफिसात कधी झालं नव्हतं. सगळ्या शाखेला जिलेबी. देवीदासने प्लेट हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. भारावला असावा.

१५ जुलै
यशदीप पाया पडायला आला. बढतीची ऑर्डर त्याच्या हातात होती. मला मुलाखतीला बोलावलं नव्हतं, ते फक्त डिग्रीवाल्यांनाच बोलावलं होतं म्हणून.

मी त्याला उठवलं, मिठी मारली. मन लावून मारली, हे इथे लिहून ठेवतो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

घरी सांगितलं. नीलिमाने ताटात आणखी एक पोळी वाढली. ती न विचारता वाढते तेव्हा फार वाईट वाटतं.

२१ जुलै
प्रगत सांख्यिकीचा वर्ग. सरांनी विचारलं, समजलं का? मान हलवली. शेजारचा पोट्टा माझ्याकडे बघून वहीत उतरवू लागला. त्याने माझी मान उतरवली असेल तर तोही नापास.

२३ जुलै
साक्षीला आज दार लावून सांगितलं. मला यातलं काहीच येत नाही. कधीच येत नव्हतं. भीती वाटते. फळ्यावर आकडे दिसले की वही मिटून घेतो, म्हणून सूट मागत गेलो.

तिने दार उघडलं, आईलाही बोलावलं आणि समोर कागद ठेवला. आज मराठीतच बोलली. म्हणाली, बाबा, सोपं घेऊ. आपन तिघं. तिघांच्या वयाची सरासरी काढा.

माझं चौपन्न, नीलिमाचं एक्कावन्न, साक्षीचं चोवीस. पाच मिनिटं लागली. उत्तर आलं एकशे एकोणतीस.

नीलिमा म्हणाली, एवढं म्हातारं तं आपल्या घरात कोणीच नाही. साक्षी हसली नाही. बेरीज बरोबर आहे, भागायचं राहिलं, असं हळूच म्हणाली. ऑफिसच्या तक्त्यात बेरीजच करायची असते, असं मी सांगणार होतो. नाही सांगितलं.

उद्या भागाकार.