भट्टीत भाजलेला बैल

तीर्थरूप तिसऱ्या काकांच्या चरणी, दोन डोंगर आणि एक नदी ओलांडून आलेला युआनफूचा साष्टांग नमस्कार पोहोचावा. तुमचा गुडघा कसा आहे? बदकं पुन्हा अंडी घालू लागली का? माझी तब्येत उत्तम आहे. तुमची सूनबाई हवापालटासाठी तुमच्याकडे आलेली आहेच, तेव्हा इथली खबरबात तिच्याकडून कळली असेल. (तिने सांगितलेल्यातलं निम्मं सोडून द्यावं.)

मला या तालुक्याचा अंमलदार नेमलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणाला होतात की बदकांना तळ्याकडे हाकलावं लागत नाही, आपण वाटेतून बाजूला व्हावं लागतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, काकांनी जन्मात बदकांपलीकडे राज्य केलंय कोणावर? इथे आलो तर कालवा गाळाने गच्च भरलेला. भाताची रोपं लावण्याआधी तो उपसला नाही, तर खालच्या शेतांना थेंबभर पाणी मिळणार नव्हतं. मी लगेच हुकूम काढला. माणसं आली नाहीत म्हणून दुसरा काढला, त्यात छडीचा उल्लेख केला. तिसऱ्या हुकमानंतर तर गावातल्या सगळ्या धडधाकट पुरुषांच्या आत्या एकाच दिवशी आजारी पडल्या, आणि जो तो आत्याला भेटायला परगावी गेला. कालव्यावर मी, दोन शिपाई आणि एक बगळा एवढेच उरलो.

अशात वसंताच्या बैलाचा सण आला. अंमलदाराने मातीच्या बैलाला चाबूक मारून तो फोडायचा आणि लोकांनी तुकडे लुटून आपापल्या शेतात नेऊन टाकायचे, हे तुम्हाला मी काय सांगावं! पण गेल्या साली म्हणे मिरवणुकीतच बैलाचा पाय गळून पडला होता. असला ढिसाळपणा माझ्या कारकिर्दीत खपणार नव्हता. मी कुंभाराला बजावलं, बैल मजबूत पाहिजे, भट्टीत भाजून काढ. तो काहीतरी बोलायला गेला. मी बोलू दिलं नाही.

सणाच्या दिवशी अख्खा तालुका लोटला. (आत्या बऱ्या झाल्या होत्या.) मी चाबूक मारला, बैलाने टण्ण आवाज केला. पुन्हा मारला, चाबूक उलटून माझ्याच टोपीला लागला आणि टोपी चिखलात गेली. शेवटी लाथ मारली आणि एका पायावर नाचलो. पण कोणी हसलं नाही, काका. बैल फुटला नाही तर साल वाया जातं, मग कालवा उपसायचा कशाला, हे मला त्यांच्या तोंडांवर वाचता येत होतं. मला खरोखर भीती वाटली. तेवढ्यात टोफू विकणारी गेंगबाई पुढे आली.

"साहेब, बैल अगदी तुमच्यावर गेलाय हो! काही केल्या ऐकत नाही."

आधी एक शिपाई हसला, मग सगळे हसले, आणि पाय धरून खाली बसलेला मीही हसलो. इथे आल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते मग केलं. विचारलं, "आता काय करायचं, बाई?"

"दुसरा करायचा, कच्च्या मातीचा. कालव्यात चिखल काय कमी आहे?"

लोक कालव्यात उतरले. प्रत्येकाला बैलात आपल्या हातची माती हवी होती, म्हणजे शेताला लाभते. वरच्या आळीचा बैल मोठा झाला म्हणून खालच्या आळीने त्याहून मोठा केला. मग कुंभारांनी वेगळा, कोळ्यांनी वेगळा. मी हुकूम द्यायला तोंड उघडलं, तर गेंगबाईने हातात टोपली दिली. ती घेऊन मी चिखल वाहिला. काही दिवसांत काठावर बैलांची रांग उभी राहिली आणि कालव्याचा तळ दिसू लागला. साध्या वेळूच्या काठीने टोचलं तरी बैल मऊ भातासारखे कोसळत होते. गाळ खत म्हणून शेतात गेला. परवा पाणी आलं, अगदी शेवटच्या शेतापर्यंत. मला फार आनंद झाला, काका.

आपला,
युआनफू

ता. क. वर 'तब्येत उत्तम' लिहिलंय ते खोटं आहे. कमरेत असं धरलंय की हे पत्र पालथा पडून लिहितोय.

ता. क. सूनबाई हवापालटाला आलेली नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी चूल पेटवण्यापासून चहा गाळण्यापर्यंतचे नियम लावले होते. ते काढलेत. पाणी आलं तेव्हा तिला दाखवायला म्हणून मी वळलो, तर शेजारी गेंगबाई उभी.

ता. क. तिला परत जा असं म्हणू नका. हे पत्रही तिला वाचून दाखवू नका. फक्त तिच्या हाताला लागेल असं कुठेतरी ठेवा, आणि तुम्ही बदकांकडे जा.