कानशिलावरचा डाग

३ मार्च
मंदारच्या साखरपुड्याची बोलणी करायला विहीणबाई आल्या होत्या. हॉल ठरवायचं राहिलं बाजूला, माझ्या तोंडाकडेच बघत बसल्या. "ताई, हे डाग घालवून टाका हो. फोटोत फार दिसतात." मुलासमोर! एकसष्टाव्या वर्षी गाल कोणाला दाखवायचेत मला? चीड आली. तरी त्या गेल्यावर आरशासमोर उभी राहिलेच. गालांवर सहा. डाव्या कानशिलावर एक, जास्त काळपट.

५ मार्च
येलहंक्यातलं पार्लर. मुलीनं मशीन लावलं. "स्वल्प उरियत्ते, आंटी." कानडीत, म्हणजे जरा जळजळेल. डॉक्टर वगैरे कोणी नाही. स्वतःच्याच कातडीचा जळका वास. शी.

९ मार्च
सहा खपल्या सुकल्या. कानशिलावरचं ओलंच. उशीच्या अभ्र्याला पिवळं चिकटलेलं. स्वतःची किळस आली. पार्लरला फोन केला, तर "खोबरेल लावा."
मंदार म्हणाला, "आई, तू चेहरा जाळून घेतलास?"

११ मार्च
त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्या मूळच्या धारवाडच्या, मराठी छान बोलतात. भिंगातून बघितलं. "गालांवरचे वयाचे, उन्हाचे. राहिले असते तरी काही बिघडत नव्हतं. बाहेर पडताना सनस्क्रीन, टोपी, एवढंच." मग कानशिलाशी थांबल्या.
"हा वाढत होता?"
"दिवाळीपासून."
"मग आधी मला दाखवायचा ना! वरचं सगळं जाळलंय, आता मी बघू काय?"
कॅन्सर नाही ना, ते बघायला तुकडा काढून तपासणीला पाठवला. दोन टाके.

१२ मार्च
विहीणबाईंचा फोन. "साखरपुड्यापर्यंत भरून येईल ना?" फोन आपटला. शिवी दिली, मोठ्यांदा. नंतर वाटलं, त्यांचं काय चुकलं? दिवाळीपासून वाढताना बघत होते ती मी. केस पुढे ओढून झाकत होते तीही मीच.

१४ मार्च
पार्लरला गेले. खुर्चीत पन्नाशीची एक बाई, हातावरचे डाग जाळून घ्यायला बसलेली. पट्टी काढून तिला टाके दाखवले. हिंदीत म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवा. पार्लरवाली मधे पडली, "आंटी, कस्टमरसमोर काय हे?" ती बाई उठलीसुद्धा नाही. तोंड फिरवलं. "मुझे शादी में जाना है."
तशीच घरी आले.

१७ मार्च
सकाळी दवाखान्यातून फोन. रिपोर्ट आलाय. काय आहे ते फोनवर सांगत नाहीत, चार वाजता या म्हणाले.
मंदारनं विचारलं, "अजून काय म्हणाले?"
"सोबत कोणाला तरी घेऊन या म्हणाले."