तात्यांचा डावा पाय

१७ सप्टें. ५७, बारामती
शाळेतून तीन दिवस रजा. इंदापूरहून थेट इथे आले. थोरले भाऊ तात्या नि पारूवहिनी निरवांगीहून आधीच दवाखान्यात पोचलेले. उद्या तात्यांचं अंतर्गळाचं ऑपरेशन. पितृपक्षात कापाकापी नको म्हणून वहिनी मागे लागल्या होत्या. पण तात्यांना दिवाळीनंतर गुऱ्हाळावर उभं राहायचंय, गावात गूळ काढणारा दुसरा गुळव्या नाही.
डॉ.नी पाय पाहिले. तीस वर्षं रसाच्या तापल्या काहिलीपुढं उभं राहून डाव्या पोटरीवर फुगलेल्या शिरांचं जाळं झालंय. "ही शीर कधी लाल, कडक होऊन दुखली होती? पाय सुजला होता?"
"न्हाय," तात्या.
शिमग्यात त्याच पायापायी पंधरा दिवस अंथरुणावर होते. शेक मीच दिला. तरी मी गप्प बसले. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "बोलली असतीस तर डाक्टरनं माघारी धाडलं असतं, सुंदे."

१८ सप्टें.
ऑपरेशन झालं. ठीक.
डॉ. म्हणाले, उद्यापासून पाय हलवा, परवा उभं करा. पडून राहिलं की पायात रक्त साकळतं, अशा शिरांत तर जास्तच. वहिनी हळूच मला, "टाकं उसवलं तर, वन्सं?"

२० सप्टें.
तात्या हलत नाहीत. मी म्हटलं की दोनदा अंगठा हलवतात, की झालं. लघवीचं भांडं मागायची लाज वाटते म्हणून पाणीही पीत नाहीत. रागावले त्यांना. वहिनींना बजावलं. उद्या शनिवारची शाळा, जायलाच हवं.

२२ सप्टें., रवि.
पहिल्या एस.टी.नं आले. डावी पोटरी सुजून टम्म, हाताला गरम. वहिनींनी काल एरंडेल लावून तासभर चोळली. डॉ. कधी ओरडत नाहीत, आज ओरडले. "चोळायचं नाही! आत गुठळी झालीय. सुटून फुप्फुसात गेली तर?" वहिनी कोपऱ्यात तोंड फिरवून बसल्या. चोळू नका, असं त्यांना कोणी सांगितलं होतं?
मग मी शिमग्याचं सांगितलं. डॉ.नी पुन्हा पाय पाहिला.
"एकदा झाली की त्या पायात पुन्हा व्हायची भीती असते, बाई. माहीत असतं तर ऑपरेशन लांबवलं असतं. घरात आणखी कोणाला?"
आई. माझ्या जन्मानंतर बाराव्या दिवशी गेली. पाय सुजला होता, उठून बसली आणि... तात्याच सांगायचे. तेव्हा ते अठराचे.
शिरा, वय, ऑपरेशन, पडून राहणं, शिमग्यातलं दुखणं, आई. डॉ. बोटांवर मोजत गेले.

२३ सप्टें.
शाळेला रजेची तार केली. पुण्यात रक्त गोठू न देणारं इंजेक्शन आहे. ते देताना रक्त वरचेवर तपासावं लागतं, ती सोय इथे नाही. न्यावं तर रस्त्याच्या हिसक्यांनी गुठळी सुटायची भीती. न न्यावं तर भीती आहेच.
पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्यात. आता अजिबात हलायचं नाही. परवापर्यंत उलट होतं. वहिनी विचारतात, खरं कुठलं?

२५ सप्टें.
सकाळी पेज पाजताना तात्या मध्येच थांबले. बरगडीत कळ, श्वास पुरेना, ओठ निळे. खोकल्यात रक्त. पाऊण तासानं उतरलं.
डॉ. म्हणाले, "लहान तुकडा होता. मोठा येईल की नाही, मी सांगू शकत नाही."
ओसरीत जाऊन उभी राहिले. देवाचं नावही सुचेना.

२६ सप्टें.
डॉ.नी मोटार मिळवून दिलीय, आडवं निजवून नेता येईल अशी. "धोका दोन्हीकडे आहे. मला विचाराल तर न्या. पण ठरवायचं तुम्ही."
वहिनी म्हणतात, "हितंच ऱ्हाऊ द्या, वन्सं. वाटंत काय झालं तर मी एकटी काय करू?" मी बरोबर असणार आहे, हे त्यांच्या ध्यानातच नाही.
तात्यांनी मला वाढवलं, शिकवलं. एक गोष्ट कधी मला विचारून केली नाही. आज हात धरला. "तू शिकल्याली हायस. काय करायचं, तूच सांग."
तिसरीच्या मुलींना बेरजा शिकवते मी, तात्या.
मोटार दाराशी आहे. ड्रायव्हर दोनदा विचारून गेला. वहिनींनी गोधडीची घडी घातली, पुन्हा उलगडली. आतून तात्यांची हाक येतेय, "सुंदे, काय ठरलं?"