बोटीतली गाडी आणि कमी केलेलं नाव

पासावर माझं नाव तुम्ही घातलं न्हाई. आधी एवढं ऐकून घ्या अप्पा, मग बाकीचं. नोकरी तुमची रेल्वेची, बिदर स्टेशनात पाइंटमन, डबे जोडायचं आणि तोडायचं काम. वर्षाला घरच्यांसाठी फुकट प्रवासाचा पास मिळायचा. त्या पासावर आईचं नाव होतं, दोन्ही भावांचं होतं, तुमच्या आईचंसुद्धा होतं, जी शिट्टी वाजली की कानात बोटं घालायची. मी अकरा वर्षांची, तुमचा जेवणाचा डबा घेऊन हापिसाच्या दाराशी उभी. पास लिहिणाऱ्या बाबूनं विचारलं, "मुलगी बी हाय न्हवं तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "तिचं कशाला लिहिता? सोयरीक जमली हाय. पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच्या घरची." बाबूनं मान हलवली, शिक्का मारला. मला जेमतेम दुसरीपर्यंत शाळा, पण माझं नाव मला लिहायला येत होतं. मालगाडीच्या वाघिणींवर खुणा करायचा खडू आणून क्वार्टरच्या दारावर तुम्हीच गिरवून घेतलं होतं. लिहायला शिकवलं तुम्ही, आणि लिहायची वेळ आली तेव्हा हात आखडला तोही तुम्हीच.

तुम्ही सगळे हैदराबादला गेलात आणि मला शेजारच्या अक्काकडं ठेवलंत. तीन दिवस मी तिच्या घरची धुणी धुतली. परत आलात तेव्हा माझ्यासाठी लाखेच्या बांगड्या आणल्या होत्या, हिरव्या, वर काचेचे तुकडे लावलेल्या. त्या माझ्या हातात चढेनात. कोपऱ्यात बसून साबण लावून आईनं बघितलं, तेल लावून बघितलं. मी म्हणाले, "मला संगं नेलं असतं तर हात मोजून घेता आला असता." तुम्ही उठलात आणि एवढंच म्हणालात, "तोंड लई चालायलंय हिचं. सासरी मार खाईल." मार न्हाई खाल्ला. तोंड मात्र चालू राहिलं, ते अजून चालतंय, आणि ज्या वेळेला चालायला पाहिजे होतं त्याच वेळेला बंद पडलं. त्याचंच सांगायलेय. आता थकले मी अप्पा, आणि तुम्ही गेल्यावर हे ऐकायला माझ्याहून मोठं माणूस कुणी उरलं न्हाई, म्हणून तुम्हालाच.

तुमचा नातू, म्हणजे लेकींच्या पाठीवरचा माझा एकच लेक, बिदरच्या कडेलाच कोळारला एका गोदामात मुकादम आहे. आम्ही अजून बिदरलाच, नौबादला राहतो. त्याला एकच पोरगी. नर्सिंग शिकली, आणि तिकडं स्वीडन म्हणून देश आहे, तिथं म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या दवाखान्यात लागली. करोना यायच्या आदल्या वर्षी तिनं फोन केला की एका जर्मनीच्या पोराशी लग्न करायलेय. तिसऱ्या दिवशी लेक मला म्हणाला, "आई, चल, रेशन कार्डाचं काम हाय." कार्ड माझ्या नावावर, आता सरकार घरातल्या थोरल्या बाईच्या नावावरच देतंय. मी विचारलं, "कसलं काम?" तर म्हणाला, "तिचं नाव कमी करायचंय. लग्न झालं की करायचंच असतंय, आधी केलं तर काय बिघडतंय?" लग्न झालेल्या पोरींची नावं कमी होतात हे खरं आहे. पण ती नवऱ्याच्या कार्डावर चढवायला. जर्मनीत कुठलं आलंय रेशन कार्ड? त्याला तांदळाचा हिशेब नव्हता करायचा, पोरगी घरातून काढायची होती. हे मला कळत होतं. रेशनच्या हापिसातल्या मशिनीवर माझा अंगठा लागत होता, आणि मी तो दिला.

आणि वर तोच लेक मला म्हणतो, "तू जा तिकडं. तुझं ऐकंल ती. काही बी कर, पण हे लग्न होऊ देऊ नको." तिकीट पोरीनंच पाठवलं होतं. मग मी गेले, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बॅगेत वीस कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि लेकाचा निरोप घेऊन. विमानाचं सांगत न्हाई, त्यात सांगण्यासारखं काही नाही, बांधून ठेवतात आणि शिळं खायला देतात. सांगायचंय ते गाडीचं. पोराची आई बर्लिनला राहती, लग्न तिथंच होतं, म्हणून आम्ही दोघी संध्याकाळी माल्मो म्हणून गावात गाडीत बसलो. निजायच्या बाकांची गाडी, एका खोलीत सहा बाक, तीन इकडं, तीन तिकडं. समोर दोन बाया होत्या, मी भाकरी मोडली तर तिच्या आवाजानं दचकल्या. मी हातानं खुणावून घ्या म्हणाले, तर घेतली आणि चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्ली. पोरगी म्हणाली, "आज्जी, आता गाडी बोटीत जाणार." मी म्हणाले, "म्हातारी बघून काय बी सांगायलीस व्हय?"

अप्पा, खरंच गेली. समुद्राच्या काठाला गाडी थांबली, इंजीन सुटलं ते मला न बघता कळलं, तुमच्या पोरीला तो आवाज कसा कळायचा न्हाई! मग मागून ढकलत, हळू, धक्का लागू न देता, डबे बोटीच्या पोटात घातले. पोटात रूळ आहेत. एका रुळावर सगळी गाडी मावत न्हाई म्हणून मधून तोडली आणि अर्धी शेजारच्या रुळावर घातली. इंजीन काठावरच राहिलं, पलीकडच्या काठाला दुसरं लागतंय. मी खिडकीला नाक लावून उभी. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस वाकून चाकांना अडण्या लावायला लागला, डब्याला साखळ्या बांधायला लागला, आणि एकदा दोन डब्यांच्या मध्ये घुसला. तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं अशीच डबे जोडताना बफरात चिरडून गेली होती. मी काच बडवून ओरडले, "हाताँ निकाल रे, हाताँ निकाल!" दख्खनी उर्दूत ओरडले, कारण आपल्या स्टेशनात ओरडायची भाषा तीच. माझ्या जिभेला दुसरी सुचली न्हाई. त्यानं वर बघितलं, हसला, दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली आणि पुन्हा वाकला. पोरगी म्हणाली, "आज्जी, लोक बघायलेत." बघू दे. त्याची बोटं शाबूत आहेत हे मला बघायचं होतं, ते मी बघितलं.

तुम्हाला हे आवडलं असतं असं म्हणणार न्हाई, कारण मला माहीत न्हाई. तुम्ही कामावरून आलात की बोलतच नव्हतात. मी एवढंच म्हणते की फुकटच्या पासावर जी हैदराबादेपर्यंत गेली न्हाई, ती गाडीत बसून समुद्र ओलांडायली होती, आणि तिच्या तिकिटावर तिचं नाव इंग्रजीत छापलेलं होतं. ते पोरीनं घातलं होतं. तीच पोरगी, जिचं नाव मी घालवून आले होते.

लोखंडी जिन्यानं आम्ही वर गेलो. तिकडं उन्हाळ्यात लवकर अंधारत न्हाई, निजायची वेळ झाली तरी उजेड होता. पाणी आधी कारंजा धरणाएवढं वाटलं, मग काठच दिसेना. वारा असा की पदर धरून ठेवावा लागत होता. पोरगी शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आज्जी, एक विचारू?"

"विचार."

"पप्पांनी कार्डावरून माझं नाव कमी केलं म्हणं. आत्यानं सांगितलं."

"तुझ्या आत्याच्या तोंडाला कुलूप न्हाई."

"केलं का न्हाई एवढं सांग."

"केलं."

"कार्ड तर तुझ्या नावावर हाय."

मी पाण्याकडं बघितलं. पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं. "मला कुणी विचारलं न्हाई," मी म्हणाले. "कागद तुझ्या बापानं केले. मला नंतर कळलं."

"बरं," ती म्हणाली. पण ती दिवसभर म्हाताऱ्या माणसांत काम करती अप्पा. गोळी घेतली म्हणून सांगणारं म्हातारं गोळी उशाखाली ठेवतंय हे तिला तोंड बघून कळतंय. तिनं तिच्या अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "चल खाली, गारठशील." खाली बाकावर मी निजले. डबा जागचा हलत न्हाई, चाकं बांधलेली, आणि खालून सगळंच हलायलंय. असं निजणं मला आयुष्यात माहीत नव्हतं. लेकाचा निरोप मी त्या बाकावर मनातल्या मनात दहा वेळा म्हणून बघितला. सकाळी बर्लिन आलं तेव्हा तो सांगायचा राहूनच गेला. अडवायला गेलेली बाई अक्षता टाकून आली. तांदूळ पोराच्या आईच्या स्वैपाकघरातला होता, लांबडा, अक्षतांना चांगला नव्हे.

परत आले तर लेक म्हणाला, "तुला पाठवून चूक केली." मी म्हणाले, "व्हय, केलीस." त्यावर त्या लग्नाचं बोलणं संपलं, आणि त्यालाही आता बरीच वर्षं झाली. करोना आला, गेला. ती गाडी आता बोटीत जात न्हाई म्हणं, पुलावरून फिरून जाती. पोरीला पोरगी झाली, ती तीन वर्षांची आहे. माझ्या फोनातला तिचा फोटो लेकानं बघितला न्हाई असं तो म्हणतो. माझा फोन मी चार्जिंगला लावते तेव्हा तो कुणीतरी हातात घेतलेला असतो, हे मी म्हणते.

परवा पोरीचा मेसेज आला. दसऱ्याला येणार आहे, नवरा आणि पोरगी घेऊन. लिहिलंय, "घरी येऊ का लॉजवर उतरू? पप्पांना विचार." मला अक्षर लावून लावून वाचावं लागतं, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. लेक भाकरी खायला बसला होता. सून तव्यावरची भाकरी उलटायची विसरली, जळाली ती. लेक म्हणाला, "तू सांग तिला काय सांगायचं ते."

"कामून? मी कामून सांगू?"

"कार्ड तुझ्या नावावर हाय. घर तुझं हाय." असं म्हणून हात धुतला आणि कोळारला गेला.

तो बरोबर बोलला हेच मला लागलं. म्हणून बसले लिहायला, परवापासून एकेक अक्षर जुळवत. हे टाकायला कुठं पेटी न्हाई आणि असती तरी टाकलं नसतं. पण एक कुणाला सांगितलेलं न्हाई ते तुम्हाला सांगते. त्या दिवशी मशिनीनं माझा अंगठा दोनदा घेतला न्हाई. भांडी घासून रेघा झिजल्यात, तिथला पोरगा म्हणाला, "येत न्हाई आज्जी, पुन्हा कधीतरी या." लेकसुद्धा उठला होता जायला. मीच म्हणाले थांबा. पदराला अंगठा पुसला, वर फुंकर मारली, आणि तिसऱ्यांदा दाबून धरला, हिरवा दिवा लागेपर्यंत.

हे पोरीला मी सांगीन, ती दारात आल्यावर, तोंडावर. ते माझं मी बघते. पण घरी ये का लॉजवर जा, हे मी सांगणार न्हाई, सून सांगणार न्हाई, आणि तुम्हीही मेल्यानंतर तिकडून मान हलवू नका. बाप जिवंत हाय तिचा. त्यानं आज कामावरून यावं, हातपाय धुवावेत, माझा फोन घ्यावा आणि स्वतःच्या तोंडानं तिला उत्तर द्यावं.