आत्याच्या तलावातले शेवाळखाऊ जिताडे

१ मार्च, रवि.
जमलं! गच्चीवरचे दहाच्या दहा जार हिरवेगार. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणे, "मॅडम, एवढं पालक सूप कोणाला?" म्हटलं, माशांना! हे शेवाळ वाळवायचं, पिठात मळून गोळ्या करायच्या. आता फक्त आत्याला पटवायचं.

५ मार्च, गुरु.
उरणकडे, आत्याच्या तलावावर. जिताड्यांना घालायला बारीक मासळी मिळेनाशी झालीय, आणि तलाव बुजवायला भराववाला मागेच लागलाय. शेवटी म्हणाली, "दोन महिने देते. सहा मासे तुजं शेवाल खातील, सहा आमची मासली. चव नाय लागली तर भराव टाकून मोकली होईन."
हो म्हणून बसले! 

९ मार्च, सोम.
थुंकतायत मेले! गोळी तोंडात घेतात नि फू करून बाहेर. आत्या तोंडाला पदर लावून हसतेय.

१२ मार्च, गुरु.
गोळ्यांवर सुक्या जवळ्याचं पाणी शिंपडलं. एकाने खाल्ली. मग दुसऱ्याने. मग झुंबड!! काठावर चक्क नाचले. आत्या: "सावकाश गो, पडशील."

१९ एप्रिल, रवि.
वजनं केली. तलावात वेगळी लावलेली दोन जाळी, दोन्हींतले मासे सारखेच, आमचे काकणभर जास्तच. आता सगळं चवीवर. देवा रे.

५ मे, मंगळ.
चवीचा दिवस! सकाळीच दोन जिताडे काढून साफ केले, मसाला वाटला. आत्या देवळातून आली, बघतच राहिली. "आज अंगारकी हाय. घरात समद्यांना उपास."
एम.एस्सी. झाले, पण कॅलेंडर बघायची अक्कल नाही! मासे बर्फात. साबुदाण्याची खिचडी खाऊन नवीन पनवेलला परत.

६ मे, बुध.
परत आत्याकडे. दोन पातेली, मसाला एकच. कुठल्यात कुठला, मलाच ठाऊक. आत्याने दोन्हींतला घास घेतला. मग डाव्या पातेल्याकडे बोट: "यो बरा हाय."
माझा!! म्हटलं, "आत्या, हा शेवाळाचा."
तिच्या घरात जिताड्याचं डोकं कायम पाहुण्याला. पाहुणी मी. तिने डाव्या पातेल्यातलं डोकं उचललं, स्वतःच्या ताटात घेतलं नि चोखत बसली.
"आणि तलाव?"
"जेवू दे आदी. भराववाल्याला उद्या सांगते काय ते."
डोकं तिने पार चाटूनपुसून संपवलं.