डाळ कशीय?

७ जानेवारी, लातूर
एमबीएचं शेवटचं सत्र. वर्ग नाहीत, कुणाच्या तरी धंद्यातलं खरं कोडं सोडवायचं. मला आणि देगलूरच्या इम्रानला डाळ मिल मिळाली. मालक आप्पा. कपाळावर भस्म, बोलणं मोजकं. त्यांची सुटी तूरडाळ लातुरात धडाधड खपते. पाकिटातली नांदेडला पाठवतात, तर लोक एकदा नेतात, पुन्हा नाव काढत नाहीत. का?
"पाकिटाचा रंग चुकला असंल. शोधा. डाळ चालली तर नांदेडची विक्री तूच सांभाळ, पोरी."
नोकरी! तीही नांदेडात! इम्रानला मामाच्या दुकानात बसायचंय, त्यामुळे भांडण नाही. बसमध्ये सगळा वेळ पाकीटच उलटंपालटं करत होते. रंग बराय की.

१० जानेवारी, नांदेड
घरोघर फिरलो. "आप्पांच्या मिलकडून आलोत" म्हटलं की चहा. एका घरी तर ताटच वाढलं. डाळ कशीय? "लई छान हाय." पुढच्या घरी? छान. त्याच्या पुढच्या? छानच.
सगळ्यांना छान आणि घेत कुणीच नाही! इ. (इम्रान) म्हणे, "अपन गेलो तिथं भुतं राहतात का गे? तारीफ करतात, घेत नाहीत." कॉलेजच्या मॅडमना फोन केला. त्या हसल्या नुसत्या. म्हणाल्या, प्रश्न बदल.

११ जानेवारी
मी इथल्याच लोह्याची, आणि माझ्या डोक्यात येऊ नये? दारात आलेल्या माणसाच्या मालाला त्याच्या तोंडावर नावं कोण ठेवतं? माझ्या आईनं ठेवली असती? अक्कल कॉलेजात ठेवून फिरत होते.
आज विचारलं, "लेकीचं डोहाळजेवण आहे. वरणाला कुठली डाळ आणाल?" पहिल्याच घरच्या मावशी पटकन बोलून गेल्या, "ही न्हाई बाई! कितीबी शिट्ट्या करा, दाणा तसाच." मग जीभ चावली आणि चहात साखर जास्त घातली.
पुढं दोन गल्ल्या तेच. शिजत नाही. इतका आनंद झाला की रस्त्यातच इ.ला टाळी दिली. परत येताना प्रश्न पडला. हे आप्पांना सांगणार कोण?

१४ जानेवारी, लातूर
तिळगूळ घेऊन मिलवर. थेट बोलायचा धीर झाला नाही. पाकिटात कुठली तूर भरता, एवढंच विचारलं. आप्पा खुलले. "खास माल. वर्षभर ठेवलेली. तांदूळ जसा जुना चांगला, तशी डाळ बी. सुटी हाय ती नव्या तुरीची."
म्हणजे जुनी! मी चाचरत म्हणाले, शिजायला जड जाते म्हणतात लोक.
"आमच्या घरी तर लोण्यावानी शिजती. काकूला विचार." काकू म्हणजे त्यांची बायको. विषय संपला.

१८ जानेवारी, लोहा
सुट्टीला घरी. एकाच कुकरमध्ये दोन डबे, एकात पाकिटातली, एकात सुटी. पाणी एकच, शिट्ट्या तेवढ्याच. सुटीचं वरण झालं, पाकिटातले दाणे बोटानं मोजता येतील असे. पुन्हा लावली. तेच. आई कंबरेवर हात ठेवून, "पाहुणे येऊन राहिले का बघायला? सकाळधरून वरणच लावून राहिलीस."
मग आप्पांच्या घरी ती लोण्यासारखी कशी होते? याचं उत्तर सापडेना. आप्पा खोटं बोलणारे वाटत नाहीत. हे मला नोकरीपेक्षा जास्त छळतंय, खरंच.

२२ जानेवारी, लातूर
अहवाल दिला. जुनी तूर शिजत नाही, नवी भरा. आप्पांनी वाचला, घडी घातली. "चला घरी जेवायला." इ. माझ्याकडे बघतोय, मी चपलेकडे.
काकूंनी वाढलं. वरण खरोखर मऊसूत. मी बोटानं दाणा शोधला, सापडला नाही. आप्पा म्हणाले, "सांग आता. डाळ कशीय?"
घर त्यांचं, ताट त्यांचं, समोर काकू. छान म्हणून मोकळी झाले असते. तोंडून निघालं, "ही शिजलीय आप्पा. आमच्याकडं नाही शिजली. का ते मला कळेना झालंय."
आप्पा हसायला लागले. काकू तुपाची वाटी घेऊन तशाच उभ्या. म्हणाल्या, "सोडा टाकते मी त्यात. चिमूटभर. न्हाईतर शिजती का ती?"
आप्पांचा घास हातातच. "कवापासून?"
"पहिल्यापासून."
"मला सांगितली न्हाईस?"
"तुमी विचारलाव कुटं? लोण्यावानी हाय न्हवं, म्हणलाव. मी हाव म्हणले."
मला काकूंना मिठी मारावीशी वाटली आणि जमिनीत गडप व्हावंसंही. आप्पांनी ताट स्वच्छ केलं, पुन्हा वरण मागून घेतलं. हात धुऊन आले तरी अहवालावर अवाक्षर नाही, नोकरीवरही नाही.
निघताना दारात म्हणाले, "सोमवारी ये."
बसमध्ये इ. सारखं विचारतोय, कशाला बोलावलंय? मला तरी कुठं माहीत? मी "हाव आप्पा" म्हणाले आणि जिना उतरले. विचारलंच नाही.