ग्रँटला हवी असलेली कार्बाइन

प्रिय लॉरेल,

काल तुझा नवरा आमच्या दुकानात येऊन गेला. घटस्फोट झालेला नाही म्हणून नवरा म्हणते. माझ्या मनात त्याच्यासाठी दुसरे शब्द आहेत.

मोंटानात माणूस बंदुकीच्या दुकानात आला यात नवल काय, म्हणशील. हरणांचा हंगाम तोंडावर आलाय, गर्दी आहेच. पण ग्रँट आला तो टोपी हातात घेऊन, गोड हसत. "काय आकडसासूबाई, ओळख विसरलात का?" बायकोच्या या थोरल्या बहिणीशी तो गोड बोलला की मला धडकीच भरते. तुला तर सांगायलाच नको.

म्हणाला, पिस्तुलाला जोड म्हणून आखूड नळीची रायफल, कार्बाइन हवी. दोन्हीला एकच गोळी चालली की वेगवेगळे डबे सांभाळायला नकोत. बोलणं शहाण्यासारखं होतं, निम्मं गिऱ्हाईक हेच बोलतं. पण ग्रँट जन्माचा रिव्हॉल्वरवाला! बापाचं ते जड धूड कमरेला लावून चर्चमध्येसुद्धा यायचा. म्हणून मी त्या रिव्हॉल्वरच्याच गोळीची, जुन्या धाटणीची कार्बाइन काढून दिली. त्याने हातही लावला नाही. "ही आजोबांची खेळणी ठेवा तुमच्याकडेच. नऊ मिलिमीटरची दाखवा, पिस्तुलाचंच मॅगझीन घेणारी." रिव्हॉल्वरला कुठलं आलंय गोळ्या भरायचं मॅगझीन! पिस्तूल कधी घेतलंस, असं विचारलं तर म्हणे, "सगळं काय तुम्हाला विचारून करायचं?" मग दुमडून ट्रकच्या सीटखाली मावेल का, याची चौकशी. कशाला हवी, तर कोल्ह्यांसाठी. अगं, कोल्ह्यांसाठी कोण बंदूक दुमडून सीटखाली लपवतं?

मॅगझीन नीट बसतंय का ते बघायला लोक आपलं रिकामं मॅगझीन खिशात घालून आणतात. त्यानेही आणलं होतं. ते त्याने काउंटरवर ठेवलं. बुडाला जांभळ्या नेलपॉलिशचे तीन ठिपके. रविवारी नेमबाजीला गेल्यावर आपल्या दोघींची मॅगझिनं मिसळू नयेत म्हणून मीच लावले होते, आणि तू म्हणाली होतीस, "बाई, निदान रंग तरी बरा निवडायचास." हे मॅगझीन ज्याचं, ते पिस्तूल मी तुला तू त्याचं घर सोडलंस त्याच आठवड्यात दिलं होतं. ग्रँटला ठिपक्यांचं काही माहीत नाही, नाहीतर माझ्यासमोर आणलं नसतं.

मी चेहरा सरळ ठेवला. म्हटलं, याला बसणारी कार्बाइन संपली. धडधडीत खोटं, आतल्या खोलीत दोन पडल्यात. कोर्टातून त्याच्याविरुद्ध मनाईहुकूम आणायला तू तयार झाली नाहीस, त्यामुळे बंदूक विकण्याआधीच्या सरकारी चौकशीत त्याचं नाव साफच निघालं असतं. त्याने मॅगझीन खिशात टाकलं. "असू दे. दुकानं काय कमी आहेत?" आणि तसाच हसत गेला.

फोन केला नाही, कारण तुझा फोन अजून त्याच्याच नावावर आहे. हे पत्र शाळेची बस चालवणारी आयडा तुला कामावर, शाळेच्या स्वयंपाकघरात, तुझ्याच हातात देईल. ते मॅगझीन मिळवायला तो कुलूप तोडून तुझ्या घरात शिरला असेल, तर घरी जाऊच नकोस, थेट तिच्या बसमध्ये बस. पण कुलूप तुटलं असतं तर तू मला सांगितलं नसतंस का? हल्ली रविवारी येत नाहीस, कारणं लांबलचक सांगतेस. लॉरेल, दार तूच उघडलंस ना त्याला? उघडलं असशील तर मी एका शब्दाने टोचणार नाही, शप्पथ. मला फक्त तू जिवंत हवी आहेस. आयडाकडे तोंडी निरोप दे. "येते" म्हणालीस तर अंथरूण घालून ठेवते. आणि "सगळं ठीक आहे" असा निरोप आला, तर तो तुझ्या घरात आहे असं समजून मी आणि तुझे दाजी नेल्स त्याच क्षणी गाडी काढू.

तुझीच,
विल्मा